वीतभर कोरी पट्टी

मी एक जुना कापडी बॅनर आहे. वीस फूट लांब, तीन फूट रुंद, अस्सल मांजरपाट. हल्लीच्या प्लॅस्टिकसारखा चकचकीत नाही, पण मित्रांनो, माझ्या अंगावरचं एकही अक्षर मशीनने छापलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी जरा तोऱ्यात बोललो तर कुणी नाक मुरडू नये.

माझा जन्म १९९३ सालचा, पुण्याच्या मार्केट यार्डातला. मला घडवणारा उत्तरेश्वर लोकरे. बार्शीकडून पोटासाठी आला आणि यार्डात हमाल झाला. पाठीवर गोण्या वाहता वाहता गोण्यांवर मार्का मारायचं काम त्याच्याकडे आलं. कोणत्या व्यापाऱ्याचा माल, हे ब्रशने गोणीवर लिहायचं, त्याला मार्का मारणं म्हणतात. त्याचं अक्षर इतकं ठसठशीत की लोक म्हणू लागले, "उत्तरेश्वरा, आमच्या दुकानाची पाटीपण तूच रंगव." असा हा हमाल दुपारनंतर पेंटर झाला.

मार्क्याचं काम त्याला शिकवलं भीमरावांनी, हमाल मित्र मंडळाच्या अध्यक्षांनी. पहिल्याच दिवशी त्यांनी दम दिला होता, "माप झाल्याबिगर गोणीवर मार्का मारायचा न्हाई. वजन कमी भरलं तर गोणी परत जाती आन् तोंड आपलं काळं होतं." उत्तरेश्वरने हा नियम आयुष्यात एकदाच मोडला. तेच तर मला सांगायचं आहे.

मंडळाने ठरवलं की दहावी-बारावीत सत्तर टक्क्यांच्या वर गेलेल्या हमालांच्या मुलांचा दर वर्षी सत्कार करायचा. त्यासाठी मी. उत्तरेश्वरची बायको द्वारका हिने माझ्या दोन्ही टोकांना बांबू घालायला नेफे शिवले. उत्तरेश्वरने खडूची दोरी ताणून रेघा मारल्या आणि लाल ऑइल पेंटने लिहिलं, 'गुणवंत पाल्यांचा हार्दिक सत्कार'. मग कात्री घेऊन माझ्या अंगावर चार ठिकाणी अर्धचंद्र कापले! मी घाबरलोच. पण ती वाऱ्यासाठी केलेली भोकं होती. वारा आरपार गेला नाही तर बॅनरचं शीड होतं आणि बांबूसकट उडतं. आजवर मी एकदाही फाटलो नाही तो त्या चार जखमांमुळे.

उजवीकडे सालाची जागा होती. दर जूनमध्ये जुन्या आकड्यावर पांढऱ्या रंगाचा हात फिरवून उत्तरेश्वर नवं साल लिहायचा. बाकी मजकूर तोच. आणि सगळ्यात खाली वीतभर रुंदीची कोरी पट्टी होती.

"ही कशाला मोकळी सोडलीस?" भीमरावांनी विचारलं.

"शोभेला," उत्तरेश्वर म्हणाला.

कसली शोभा! ती पट्टी त्याने आपल्या लेकीच्या नावासाठी राखली होती. भाग्यश्री तेव्हा नऊ वर्षांची होती, शेजारी बसून ब्रश धुवून द्यायची. दुसऱ्यांच्या पोरांसाठी मी साल लिहितो, एक दिवस माझ्या पोरीचं नाव माझ्या हाताने या पट्टीवर लिहीन आणि ती त्याखाली उभी राहील, एवढी एकच इच्छा त्या माणसाला होती. ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. रंगवताना पुटपुटायचा, म्हणून मला ठाऊक.

आठवीत असताना भाग्यश्रीने शाळेच्या डिक्शनरीत माझं नाव शोधलं. "बाबा, बॅनर म्हणजे निशाण! झेंडा! पूर्वी राजाच्या सैन्यापुढे न्यायचे तो!" अहाहा! त्या दिवसापासून माझी मान ताठ आहे ती आजतागायत. मी निशाणाच्या घराण्यातला! पुढे कळलं की हे नाव आणखीही बऱ्याच जणांनी लावून घेतलं आहे. सिनेमावाले आपल्या कंपनीला बॅनर म्हणतात, पेपरवाले पानभर मथळ्याला बॅनर म्हणतात. म्हणोत बापडे. बांबूवर ताठ उभं राहायचं काम मात्र आम्हीच करतो.

२००० साली भाग्यश्री दहावीला बसली. पोरगी हुशार, शिक्षकही म्हणत होते, आरामात पंचाहत्तर. निकाल शाळेत मिळणार होता शुक्रवारी आणि सत्कार ठेवला रविवारी. जूनच्या दमट हवेत ऑइल पेंट वाळायला तीन दिवस लागतात. उत्तरेश्वरने हिशेब केला आणि बुधवारीच ब्रश उचलला. माप व्हायच्या आधीच मार्का मारला. कोऱ्या पट्टीवर लाल अक्षरांत लिहिलं, 'कु. भाग्यश्री उत्तरेश्वर लोकरे'. मला इतकं जपून त्याने कधीच रंगवलं नव्हतं. प्रत्येक अक्षरावर दोन-दोन हात दिले.

शुक्रवारी निकाल लागला. अडुसष्ट टक्के.

भाग्यश्री घरी तोंड लपवून रडत होती. उत्तरेश्वर तिला म्हणाला, "अगं, पास झालीस की! रडायला काय झालं?" आणि मी होतो त्या यार्डातल्या शेडमध्ये येऊन त्याने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. ते नाव त्याने स्वतः पुसलं. मित्रांनो, मला काही करता येत नव्हतं. अशा वेळी कापड असण्याचा फार राग येतो.

रविवारी मला टांगलं तेव्हा ती पट्टी अजून चिकट होती. शेजारच्या गाळ्यात ज्वारीची गोणी फुटली, दाणे उडाले आणि त्यातला एक माझ्या पट्टीवर बसला तो कायमचा. भाग्यश्री त्या दिवशी सगळ्यांना पाणी देत फिरत होती. दुसऱ्यांच्या पोरांचे सत्कार झाले, तेव्हा तिने टाळ्याही वाजवल्या. तिला काही ठाऊक नव्हतं.

पोरीने मात्र हार मानली नाही. डिप्लोमा केला, मग थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवला. इकडे माझ्यावर १९९३ ते २००३ असे अकरा आकडे एकावर एक चढले. आणि मग गावात फ्लेक्स आला.

काय सांगू! एका दिवसात छापून तयार, आणि वर फोटो! भीमरावांना फोटोची कल्पना भलतीच आवडली. २००४च्या फ्लेक्सवर त्यांचा गॉगल लावलेला फोटो एवढा मोठा होता की गुणवंत पाल्य नेमके कोण, असा प्रश्न पडावा. मला पोत्यात घालून पोटमाळ्यावर टाकलं. पाट्यांचं कामही गेलं. त्यात उत्तरेश्वरच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एकदा द्वारका गच्चीवर गहू वाळत घालायला कापड शोधत होती, तर तो म्हणाला, "त्यो बॅनर घे की. नाहीतरी काय कामाचा हाय?"

मला लागलं ते. खोटं कशाला बोलू? पण द्वारका शहाणी. गहू उचलल्यावर तिने मला झटकलं, नीट घडी घातली, घडीत कडुलिंबाचा पाला ठेवला आणि परत पोत्यात घातलं. पोटमाळ्यावरच्या उंदरांनी शेजारच्या वह्या खाल्ल्या, मला तोंड लावलं नाही.

२००६च्या जूनमध्ये भाग्यश्री इंजिनिअर झाली. हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरीही लागली. भीमराव पेढे घेऊन घरी आले.

"आपल्या मंडळाची पैली इंजिनिअर! रविवारी सत्कार करायचाय पोरीचा. मोठा फ्लेक्स छापायला टाकलाय."

द्वारकाने नवऱ्याकडे पाहिलं. 'आपलाच बॅनर लावा' असं उत्तरेश्वरच्या ओठांवर आलं होतं, ते मला पोटमाळ्यावरूनही कळलं. तो नुसता खाकरला आणि म्हणाला, "लावा की. फ्लेक्सच बरा दिसतोय."

असा हा माणूस! तेरा वर्षं मनात जपलेली गोष्ट, आणि मागायची वेळ आली तर तोंडाला कुलूप.

संध्याकाळी भाग्यश्री हिंजवडीला राहायला जाण्यासाठी पोटमाळ्यावरची बॅग काढत होती. बॅगेबरोबर माझं पोतं खाली आलं.

"आई! हा अजून आहे?" तिने मला फरशीवर पसरलं. घर लहान, मी अर्धा दाराबाहेर. "बाबा, कंपनीत मला काय काम दिलंय माहितीये? वेबसाइटवर वरच्या बाजूला जाहिरातीची पट्टी येते ना, ती डिझाइन करायची. तिलापण बॅनरच म्हणतात!"

"आसं?" उत्तरेश्वर म्हणाला. "मग वाऱ्याला भोकं ठिवतीस का न्हाई?"

ती खळखळून हसली. "बाबा, स्क्रीनवर कुठला वारा!"

हसता हसता तिचं लक्ष माझ्या पट्टीवर गेलं. तो ज्वारीचा दाणा तिने नखाने उचकटला. दाण्याबरोबर पांढऱ्या रंगाची खपली निघाली आणि खाली लाल रंगातला 'भा' दिसला.

तिने त्यापुढे बोट फिरवलं. पांढऱ्याखाली अक्षरं उठून आली होती, दोन-दोन हात दिलेली. बोटाला लागत होती. 'ग्य'. 'श्री'. ती हसायची थांबली.

"बाबा, हे कधी लिहिलंत?"

उत्तरेश्वर माझ्या पोत्याची घडी घालू लागला. शेवटी द्वारकाच बोलली, "तुझ्या दहावीला. निकालाच्या आधी. अहो, आता तरी सांगा की पोरीला! मला काय कळत नव्हतं व्हय?"

"चुकलं माझं," उत्तरेश्वर म्हणाला. "माप व्हायच्या आधी मार्का मारला. माझ्या घाईनंच पोरीचं दोन टक्के गेलं, आसं वाटत राहिलं."

"काहीतरीच काय बाबा! दोन टक्के माझ्या भूमितीने गेले!" भाग्यश्री म्हणाली आणि बापाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिने भीमरावांना फोन लावला.

"काका, स्टेजवर फ्लेक्स नको. आमचा बॅनर लावायचा."

"अगं, छापून झालाय! तुझा फोटो हाय त्याच्यावर!"

"कुठे आहे माझा फोटो?"

"हाय ना. माझ्या फोटोच्या खाली."

"मग तो गेटवर लावा, सगळ्यांना तुम्ही दिसाल. पण माझ्या डोक्यावर बाबांचा बॅनर असेल, तरच मी येणार." आणि मग तिने दहावीची ती सगळी गोष्ट त्यांना सांगितली.

भीमराव तोंडाने फटकळ, पण मन मोठं. ते स्वतः उठून आले. माझ्या पट्टीवरून त्यांनी हात फिरवला आणि कोपऱ्यात बसलेल्या उत्तरेश्वरपुढे ब्रश धरला.

"माप झालं, उत्तरेश्वरा. चोख भरलं. मार मार्का."

"मला दिसत न्हाई आता नीट. वाकडंतिकडं हुईल."

"दिसायला कशाला पाहिजे?" भाग्यश्रीने त्याचं बोट धरून माझ्या पट्टीवर ठेवलं. त्याने 'भा' चाचपला. डाव्या हाताचं बोट पुढे, त्यामागून उजव्या हातातला ब्रश. सहा वर्षांपूर्वी ज्या नावावर त्याने पांढरा हात फिरवला होता, तेच नाव खालून वर येऊन त्याला वाट दाखवत होतं. एकही अक्षर हललं नाही. मी श्वास धरून पडलो होतो. त्या पट्टीखेरीज मला दुसरं काहीही जाणवत नव्हतं.

साल भाग्यश्रीने लिहिलं. कॉम्प्युटरवर अक्षरं ओढणारी ती, २००६ मधला सहा पार कलला. अक्षर वाकडं गेलं की आख्खी पाटी पुसणारा उत्तरेश्वर डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. झ्याक हाय."

रविवारी मी टांगलो. वारा होता, पण चारही अर्धचंद्रांतून निघून गेला. माझ्याखाली भाग्यश्री उभी होती, हातात नारळ, खांद्यावर शाल. समोर पहिल्या रांगेत उत्तरेश्वर बसला होता. त्याला मी तिथून धूसरच दिसत असणार. तरी तो मान वर करून पट्टीकडेच बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. सगळ्या यार्डादेखत, न लाजता.

मित्रांनो, त्यानंतर मी पुन्हा टांगला गेलो नाही आणि मला त्याचं दुःखही नाही. फ्लेक्सने त्याचं काम करावं, स्क्रीनवरच्या माझ्या त्या नव्या भावंडाने त्याचं करावं. तुम्हाला एवढंच सांगतो, घरात कुणाच्या हातचं लिहिलेलं जुनं काही सापडलं तर फेकायच्या आधी त्यावरून एकदा बोट फिरवून बघा. आणि घडी घालून ठेवणार असाल तर कडुलिंबाचा पाला विसरू नका.

सध्या मी भाग्यश्रीच्या हिंजवडीच्या कपाटात आहे. उत्तरेश्वरच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवरची पट्टी सुटल्यावर तिने त्याला घरी आणलं आणि मला पलंगावर पसरलं. तो नावावरून नजर फिरवत गेला, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग सालाकडे वळला.

"त्यो सहा लई वाकडा हाय गं," तो म्हणाला.

"पुसू का बाबा?"

"पुसशील तर बघ!"