दहावीच्या घरातला झाकलेला टीव्ही

मी टीव्ही बोलतोय. त्यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. बोलणं हा तर माझा धंदाच. पण आजवर मी बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. बातम्या दुसऱ्यांच्या, रडणं दुसऱ्यांचं, साबणाच्या जाहिरातीतलं गाणंसुद्धा दुसऱ्यांचंच. आज पहिल्यांदा स्वतःचं काही सांगतोय, आणि तेही डोक्यावरून चादर घेऊन.

चादरीचं कारण कळायला थोडं मागं जावं लागेल.

माझ्या जन्माचं मला फारसं आठवत नाही. आठवण सुरू होते ती भाईंदरला, नवघर रोडवरच्या एका दुकानाच्या काचेमागून. आम्ही सगळी भावंडं ओळीनं मांडलेली असायचो आणि सगळ्यांच्या पोटात एकच क्रिकेटची मॅच चालू असायची. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून आमच्याकडे बघायची, आणि मी त्यांच्याकडे. ही खोड मला तेव्हापासूनची. लोकांना वाटतं, टीव्ही नुसता दाखवतो. अहो, टीव्ही बघतोही! माणसं माझ्यासमोर जितकी मोकळेपणानं बसतात, तितकी आरशासमोरही बसत नाहीत.

दोन हजार एक साली, गणपतीच्या तोंडावर, लवू आणि मंदा मला घरी घेऊन गेले. लवू मूळचा रत्नागिरीकडचा, लांज्याचा; भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचा. रिक्षात त्यानं मला मांडीवर घेतलं होतं आणि प्रत्येक खड्ड्याला तोच "आई गं" म्हणत होता. मंदानं दारात माझ्या कपाळावर कुंकू लावलं. त्याचा डाग काचेवर बरेच दिवस होता, आणि नेमका वृत्तनिवेदिकेच्या नाकावर यायचा. त्यांची मुलगी मिनल तेव्हा पाचवीत होती. तिनं रिमोटचं प्लॅस्टिक काढू दिलं नाही, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

घर म्हणजे वन रूम किचन. मी बाहेरच्या खोलीत, आणि स्वयंपाकघर भिंतीपलीकडे. मंदा दिवसभर घरी बसून इमिटेशनच्या माळांचे मणी ओवायची, आणि संध्याकाळी मालिकेची वेळ झाली की नेमक्या तिच्या चपात्या तव्यावर असायच्या. मग ती आतूनच ओरडायची, "मग काय झालं गो?"

आणि मिनल सांगायची. माझ्याकडे डोळे लावून, आईकडे तोंड करून. "सासू आली... तिनं पत्र बघितलं... नाय, फाडलं नाय अजून... आता ती हसते, पण खोटं हसते." मंदाला तेवढ्यानं भागायचं नाही. "खोटं हसते हे तुला कसं कळलं?" असं ती विचारायची, आणि मिनलला ते नीट बघून सांगावं लागायचं. खरं सांगू? मला थोडा राग यायचा. दाखवायचं मी, आणि मंदा म्हणणार, "बघण्यापेक्षा आमच्या मिनूच्या तोंडूनच ऐकायला बरं वाटतं."

अशी पाच वर्षं गेली. मग मिनल दहावीत गेली.

दहावी ही काय चीज असते, याचं मला तोवर फार कुतूहल होतं. कुणी पाहुणा येणार असावा, अशी तिची घरात चर्चा चालायची. पण जूनमध्ये एके दिवशी केबलवाला आला आणि त्यानं माझ्या पाठीतली वायर काढून गुंडाळून नेली. "दहावी आहे ना? या बिल्डिंगमधली ही तिसरी वायर," तो म्हणाला. लवूनं मान डोलावली आणि माझ्या अंगावर जुनी चादर टाकली. नशीब, त्या चादरीला इस्त्रीनं जळालेलं एक भोक होतं, आणि ते बरोबर माझ्या डोळ्यासमोर आलं.

त्या भोकातून मी एक वर्ष दहावी पाहिली.

मिनल माझ्यासमोर पाट मांडून अभ्यासाला बसायची. लवूनं घराला नियमच घालून दिला होता, तिला कुणी हाक मारायची नाही. मंदाचा रेडिओ बंद. मैत्रिणी येणं बंद. गणपतीला गावी जाणं बंद. एकदा तर त्यानं शेजारच्या गुजराती भाभीला जाऊन सांगितलं, "भाभी, वो कुकर का सिटी जरा कम मारो ना, हमारे यहाँ दसवी है." बिचारी भाभी दोन महिने वरण भांड्यात शिजवत होती.

लवू सुट्टीच्या दिवशी दारापाशी पेपर घेऊन राखण करत बसायचा. त्याची माया खरी होती, हे मी चादरीआडूनही सांगू शकतो. तो स्वतः आठवीत शाळा सोडून मुंबईला आलेला, मंदा सातवी. पोरीला शिकवणं आपल्याला जमणार नाही, निदान तिच्या आड तरी येऊ नये, एवढंच दोघांना कळत होतं. म्हणून ती दोघं आपल्याच घरात चोरासारखी वावरायची.

पण मी समोर होतो. मला दिसत होतं की मिनलचे डोळे पुस्तकावर असतात आणि पान काही उलटत नाही. कधी उलटलंच तर परत मागचं यायचं. जी मुलगी सासूचं खोटं हसू ओळखून सांगायची, ती आता जेवायला बसतानासुद्धा बोलेनाशी झाली. सगळं माझ्यासमोर ठेवलंय, मग आत का जात नाही? मी खूप विचार केला, पण मला काही उलगडेना.

सहामाहीत ती विज्ञान आणि इतिहासात नापास झाली. पालकांना पेपर दाखवतात त्या ओपन डेला लवू-मंदा कधी जायचे नाहीत. मॅडमनी काही विचारलं तर काय बोलणार, ही भीती. निकाल मिनलनंच आणला. लवूनं तो उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "इथं अजून आवाज होतो. जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेत असंच झालं तर यंदा बोर्डाला बसायचं नाय. लांज्याला आत्याकडे जायचं. तिथं शांत असतं. पुढच्या वर्षी बाहेरून फॉर्म भरू."

मिनल काही बोलली नाही. मंदाही नाही. मी तर काय बोलणार? वायरच नव्हती.

त्यानंतरच्या एका संध्याकाळची गोष्ट. लवू सेकंड शिफ्टला गेला होता. मंदा आत चपात्या लाटत होती. मालिकेची वेळ झाली असावी, कारण तिच्या तोंडून जुन्या सवयीनं निघून गेलं, "मग काय झालं गो?"

आणि लगेच तिनं जीभ चावली. ते मला दिसलं नाही, पण लाटणं थांबलेलं ऐकू आलं.

मिनलनंही सवयीनंच, मान वर न करता उत्तर दिलं, "काही नाही. रक्त उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात आलंय."

मग आतून हळूच आवाज आला, "कुणाचं रक्त?"

"अगं, हृदयाचा धडा आहे. सगळ्या अंगातलं रक्त तिथं येतं. तिथून खालच्या कप्प्यात. मग फुप्फुसात."

"फुप्फुसात कशाला? सरळ पुढं जावं की."

"ऑक्सिजन घ्यायला."

"बरं. आणि खालच्या कप्प्यातून परत वर का नाय येत?"

"झडप असते मध्ये. एकाच बाजूला उघडते."

"म्हणजे स्टेशनावरून पाच वाजता माणसं येतात, तेव्हा आपल्याला उलटं जाता येत नाय, तसं?"

मिनल हसली. त्या घरात कितीतरी महिन्यांनी कुणी हसलं होतं. "तसंच. पण तिथं गर्दी नाही, पडदा असतो."

"मग फुप्फुसातून कुठं जातं?"

मिनल थांबली. "ते... थांब हं, बघून सांगते." तिनं पान उलटलं, बोट ठेवून वाचलं, आणि उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन सांगितलं. जून महिन्यापासून मी त्या पुस्तकासमोर बसलो होतो. कुठलंही पान असं घाईनं उलटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता मला उलगडलं. मंदाला धडा येत नव्हता, म्हणूनच तर ती विचारत होती. आणि ती विचारत होती, म्हणून मिनलला तो समजून घ्यावा लागत होता.

मग रोज संध्याकाळी हेच सुरू झालं. मंदा मणी ओवत विचारायची आणि मिनल सांगायची. आम्लं झाली, भिंगं झाली. भूमिती सांगता येईना, तर मंदानं मण्यांचे त्रिकोण मांडून घेतले. फक्त लवूला हे माहीत नव्हतं. त्याला सांगायची दोघींची हिंमत नव्हती.

डिसेंबरात एके दिवशी कारखान्यातलं मशीन बंद पडलं म्हणून लवू लवकर आला. मिनल तेव्हा पहिलं महायुद्ध सांगत होती. ऑस्ट्रियाचा राजपुत्र पाहुणा म्हणून दुसऱ्या शहरात आलाय. सकाळी त्याच्यावर बॉम्ब पडला, त्यातून तो वाचला. मग परत निघाला, आणि त्याची गाडी चुकून भलत्याच रस्त्याला वळली...

तेवढ्यात लवू दारात उभा राहिला. चपला हातात होत्या.

"हा अभ्यास चाललाय?" तो म्हणाला. "मी तिकडे जिवाचा आटापिटा करतो, आणि इथं गप्पा?"

"अहो, अभ्यासच सांगत्ये ती," मंदा म्हणाली.

"अभ्यास सांगायचा नसतो, करायचा असतो. तोंड बंद ठेवून." त्यानं हातपाय धुतले आणि पाटावर बसला. "पूर्वपरीक्षेची वाटच बघायला नको. उद्या ताईला फोन लावतो. या रविवारीच नेऊन सोडतो लांज्याला."

मंदानं ताट वाढलं. मिनलनं पुस्तक मिटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला इतकं वाईट वाटलं की चादर फेकून ओरडावंसं वाटत होतं. लवू खाली मान घालून भाकरी मोडत होता. एक घास झाला. दुसरा झाला. तिसरा त्यानं आमटीत बुडवला आणि तसाच धरून बसला.

"ती गाडी," तो ताटाकडे बघत म्हणाला, "भलत्या रस्त्याला वळली. मग?"

म्हणजे चपला हातात घेऊन हा माणूस दाराबाहेर किती वेळ उभा होता?

"मग... ड्रायव्हरच्या लक्षात आलं," मिनल अगदी हळू म्हणाली. "त्यानं गाडी थांबवली. आणि नेमका तिथंच, फुटपाथवर, मारेकऱ्यांपैकी एकजण उभा होता."

"अरे देवा! आणि रस्ता बदललाय हे ड्रायव्हरला कुणी सांगितलंच नव्हतं?"

"नाही ना, पप्पा."

"बघ! सांगायला नको?" लवू कळवळून म्हणाला. "मग काय झालं?"

त्याचं ताट तसंच राहिलं, हात वाळला. एक माणूस मेला म्हणून सगळं जग कसं लढतं, हे त्याला पटेना. मिनल सांगे, तो अडवे, मिनल पुस्तक उघडून परत सांगे. मंदा भिंतीला टेकून ऐकत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. शेवटी हात धुवायला उठताना लवू म्हणाला, "उद्या पुढचं कधी सांगणार? मी फर्स्ट शिफ्ट मागून घेतो."

लांज्याला फोन गेला नाही.

पूर्वपरीक्षेत मिनल सगळ्या विषयांत पास झाली, विज्ञानात काठावर. मार्चमध्ये बोर्डाला बसली. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा तिला पहिला वर्ग होता. पहिला पेढा लवूनं शेजारच्या भाभीला नेऊन दिला आणि म्हणाला, "भाभी, अब जितना मारना है उतना सिटी मारो."

माझी वायर परत आली. पहिल्या दिवशी तिघंही समोर बसली. मालिकेत बरंच पाणी वाहून गेलं होतं, सासूसुद्धा बदलली होती. लवूनं थोडा वेळ बघितलं आणि रिमोट दाबून माझा आवाजच बंद केला. "मिनू, कॉलेजच्या ॲडमिशनचं काय झालं गो?" तो म्हणाला. मी मुकाट्यानं चित्रं दाखवत राहिलो. राग मुळीच आला नाही.

पुढे माझ्या एका कोपऱ्यातला रंग हिरवट पडला. लवूनं नवा टीव्ही घेतला आणि मला त्याच्या कारखान्यातल्या धाकूला दिलं. धाकू राहायला मीरा रोडला, पूनम सागर वसाहतीकडे. लवू स्वतः मला रिक्षातून सोडायला आला, पुन्हा मांडीवर घेऊन. धाकू म्हणाला, "वर्षभर बघून घेतो. पुढच्या जूनला केबल बंद. पोराची, साईराजची दहावी."

लवू जिन्यात थांबला. "केबल काढ रे," तो म्हणाला, "पण..." खाली रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. लवूला तसं बोलणं कधी जमलंच नाही. तो हसला, माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि गेला.

तर आता दोन हजार नऊचा जून आहे आणि माझ्या अंगावर धाकूची चादर आहे. हिला भोक नाही, पण ही विरलेली आहे, दिसतं. साईराज समोर बसलाय. त्याचं पान उलटत नाही. धाकू दारापाशी पेपर घेऊन बसलाय. त्याची बायको आनंदी आत भांडी घासते, नळाची धार अगदी बारीक ठेवून, एकही भांडं वाजू न देता.

लवूचं ते राहिलेलं वाक्य पुरं करायला म्हणून मी आज बोललो. मला झाका, माझी वायर काढा, माझं काही म्हणणं नाही. पण आनंदीताई, नळ सोडा मोठा. वाजू द्या भांडी. आणि आतूनच एकदा विचारा त्याला, "मग काय झालं रे?"