लाइनमनच्या घरचं सिलिंडर

मारोतराव लांजेवारांनी बत्तीस वर्षं विजेच्या खांबांवर काढली आणि विजेवर त्यांचा काडीचाही भरवसा नव्हता. आचाऱ्याने स्वतःच्या हातचं जेवू नये, तसा हा प्रकार होता. रिटायर झाल्यावर तर माणूस अधिकच ठाम झाला.

नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्यांच्या घरात त्या मे महिन्यात एकच वाद चालू होता. त्यांची एकुलती मुलगी मयुरा म्हणत होती, सगळा स्वयंपाक विजेवर आणू आणि गॅसचं कनेक्शन परत करून टाकू. मयुराही लाइनवरच होती. तीन वर्षांपूर्वी ती परीक्षा देऊन खात्यात लागली, कामठीला पोस्टिंग मिळालं, तेव्हा मारोतरावांनी गल्लीत घरोघर पेढे वाटले होते. खांबावर चढणारी गल्लीतली पहिली पोरगी, आणि ती आपली, हे सांगताना त्यांचा पेढ्यांचा डबा दोनदा संपला.

इंडक्शनची शेगडी घरात आली, तशी मयुराच्या आईने, कुसुमताईंनी, चार दिवसांत तिच्याशी गट्टी जमवली. गॅस पेटवला की पंखा बंद करावा लागतो, नाहीतर ज्योत विझते. नागपूरचे तीसेक उन्हाळे त्या माउलीने असेच घामाने निथळत काढले होते. आता डोक्यावर पंखा गरगरत होता आणि खाली वरण शिजत होतं.

"मी तं म्हणते, देऊन टाका ते सिलिंडर," एका रात्री जेवताना त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"अन् लाईट गेली तं?" मारोतराव म्हणाले. "मी सारी जिंदगी लाईन पाहिली वं. लाईन म्हणजे भरोशाची गोष्ट नाही. एक सिलिंडर राहू दे घरात."

मयुराने हातातला घास ताटात ठेवला. "बाबा, दुसऱ्या कोणी म्हटलं तं समजते. तुम्ही काहून म्हणता? लाईन कोण सांभाळते? मीच ना?"

"तुह्याबद्दल कोण बोलून राहिलं?"

"माह्याबद्दलच बोलून राहिले तुम्ही. सिलिंडर ठेवाचं म्हणजे माह्या कामावर तुमचा भरोसा नाही."

ती पानावरून उठली नाही, कारण लांजेवारांकडे अन्नावर राग काढत नाहीत. पण तिचं बोलणं मारोतरावांना फार लागलं. खरं सांगायचं तर पोरीने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. पेढे त्यांनी नोकरीचे वाटले होते, कामाचे नाही. हेल्मेट, हातमोजे, कमरेला पट्टा, वर चढण्याआधी दहा मिनिटं फोनाफोनी, हे सगळं पाहून ते मनातल्या मनात हसत. आम्ही नुसत्या एका पकडीवर वादळं निभावली, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि म्हणायचं कारणही होतं, त्यांच्या हातून कधी कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

पुढच्या रविवारी मयुरा सकाळीच ड्युटीवर कामठीला गेली. दहाच्या सुमाराला असं वावधान सुटलं की पत्रे उडाले, कडुनिंबाच्या फांद्या मोडून रस्त्यावर आल्या आणि लाईट गेली. अर्ध्या तासात वारा पडला, पण लाईट काही आली नाही. शेगडीवरचं वरण अर्धकच्चं राहिलं आणि मारोतरावांचा चेहरा खुलला.

"काय म्हटलं होतं मी?" असं म्हणून त्यांनी ओट्याखालचं सिलिंडर ओढलं आणि मोठ्या थाटात जोडून दिलं. कुसुमताईंनी पंखा बंद पडलेल्या स्वयंपाकघरात पदराने घाम टिपला.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा गिरणीवाला दुर्गेश दारात आला. "काका, साऱ्यायचं दळण अडकून पडलं. फोन लावतो तं बिझीच येऊन राहिला. तुम्हीच पाहा ना जरा. तुमच्यासारखा माणूस गल्लीत आहे."

एवढं म्हटल्यावर मारोतराव घरात कशाला बसतात? चपला घालून ते गल्लीच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरपाशी गेले. तिथे खांबाला खाली एक लोखंडी हँडल असतं. ते वर केलं की आसपासच्या गल्ल्यांना वीज जाते, खाली ओढलं की बंद होते. हँडल खाली होतं. मारोतरावांनी तारांवर नजर टाकली. रस्त्याच्या वळणापर्यंत खांबावर कोणी नव्हतं. वळणापलीकडे जाऊन पाहायला हवं होतं. पण इतक्या वर्षांच्या अनुभवाने त्यांना सांगितलं की कोणीतरी वादळात बंद केलं आणि विसरून गेलं. त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि जोर लावला.

हँडल हललं नाही.

"हँडलले कुलूप कोण लावते गा?" ते वैतागून म्हणाले. त्यांच्या काळी हँडलला लाल चिंधी बांधत, नाहीतर खाली एक माणूस उभा करत आणि तो चहाला जाई. वाकून पाहिलं तर कुलपाजवळ पाटी बांधलेली होती. 'माणूस लाइनवर आहे. चालू करू नये.' खाली पेनाने नाव लिहिलं होतं, मयुरा लांजेवार.

मारोतरावांनी हँडलवरचा हात चटकन काढला. ते तिथेच ट्रान्सफॉर्मरच्या ओट्यावर बसले.

"काय झालं काका?" दुर्गेशने विचारलं.

"पोरगी वर आहे," ते म्हणाले. मग उठून ते वळणापलीकडे गेले.

वादळामुळे कामठीची टोळी इकडे मदतीला आणली होती. वळणापलीकडच्या खांबावर मयुरा तारेचा तुटलेला जोड बांधत होती. काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंनी तिने तारा साखळीने जमिनीशी जोडल्या होत्या, म्हणजे चुकून वीज आलीच तरी जमिनीत जावी. मारोतरावांनी जुन्या सवयीने चूक शोधली. एकही सापडली नाही. खालून कोणी तरी ओरडत होतं, "मॅडम, लवकर करा ना." ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

ती उतरली, साखळ्या काढल्या, आपली माणसं मोजली, फोन केला. मग ट्रान्सफॉर्मरपाशी येऊन खिशातल्या किल्लीने कुलूप काढलं आणि हँडल वर केलं. दुर्गेशची गिरणी घरघरू लागली.

"मी चालू कराले गेलो होतो," तिच्या मागोमाग आलेले मारोतराव हळूच म्हणाले.

मयुराने हातमोजे काढले. "वाटलंच मले. म्हणून तं कुलूप दोनदा ओढून पाहिलं. तुमची गल्ली आहे ना हे."

मारोतरावांना शरम वाटली, आणि शरमेपेक्षा कितीतरी जास्त अभिमान वाटला. आपल्या हातून कोणी गेलं नाही, याचं श्रेय ते जन्मभर आपल्या हुशारीला देत आले होते. ते नुसतं नशीब होतं. पोरीने मात्र नशिबावर काही सोडलं नव्हतं, बापालाही नाही.

दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता त्यांनी सिलिंडर आणि रेग्युलेटर रिक्षात घातलं आणि लकडगंजच्या गॅस एजन्सीत नेलं. खिडकीतल्या मुलीने फॉर्म भरता भरता विचारलं, "काका, कनेक्शन बंद करण्याचं कारण काय लिहू? बदली झाली काय?"

मारोतरावांनी तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, 'मुलगी लाइनवर आहे.'

तिने फॉर्म दोनदा वाचला. "हे काही कारण नाही होत, काका."

"माह्या घरी होते," मारोतराव म्हणाले आणि त्याखाली सही केली.