निवडून आल्यासारखं वागा

केदारखेड्याचे काकासाहेब पंचायत समितीला दोनदा उभे राहिले आणि दोनदा पडले. दोन्ही वेळा अप्पारावांनीच पाडलं. त्याचं वाईट काकासाहेबांपेक्षा गावालाच जास्त वाटलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी माणसं रांगेनं भेटायला आली, हळहळली, चहा प्यायली आणि उठता उठता विचारून गेली, "उद्या भोकरदनला जीप चालली का?"

जीप जायचीच. ताडपत्रीची ती जुनी जीप म्हणजे काकासाहेबांचा जीव, आणि रिकामी जीप हाकणं त्यांना कमीपणाचं वाटे. पुढे चार, मागे दहा, मागच्या फळीला लटकलेले दोघं आणि कुणाच्या तरी मांडीवर मिरच्यांचं पोतं, एवढी भरती झाल्याशिवाय ते गिअर टाकत नसत. बाळंतीण जालन्याला न्यायची, जावई स्टँडवरून आणायचा, वरातीत नवरदेव मिरवायचा, सगळं त्यांच्याच खाती.

सत्त्याण्णव सालची निवडणूक लागली तेव्हा त्यांच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, निर्वाणीचं सांगितलं.

"उभं राह्याचं तर राहा. पण आता पडलात तर जीप इकायची. पडेल मान्साला डिझेल पुरवायचा मी ठेका घेतला न्हाई."

पुष्पाबाई बोलतील ते करतात. काकासाहेबांची मोटारसायकल अशाच एका वाक्यावर गेल्ती. ते घाबरले आणि त्यांनी औरंगाबादहून पुतण्याला बोलावून घेतलं. हा धर्मराज समाजशास्त्रात एम. ए. झालेला. आल्या आल्या त्यानं सभा आणि भोंगे बंद केले.

"काका, आधी सर्व्हे. लोकांच्या मनात काय चाललंय ते आकड्यात आणू, मंग प्रचार."

जालन्यातल्या मस्तगडच्या छापखान्यातून प्रश्नावल्या आल्या, घरोघर भरून झाल्या आणि बेरीज मांडली. गावातला भला माणूस कोण? काकासाहेब. अडचणीला कोण धावतं? काकासाहेब. तुमच्या घरच्या लग्नात शेवटच्या पंगतीपर्यंत कोण वाढतं? काकासाहेब. मत कुणाला देणार? अप्पारावांना.

धर्मराजनं बेरीज पुन्हा केली. तीच आली. मंग तो उठून थेट गोजरबाईच्या ओसरीवर गेला. ही म्हातारी म्हणजे जीपच्या पुढच्या सीटची कायमची मानकरी.

"मावशी, काका चांगले, तर मत अप्पारावला का?"

"अरे लेकरा, अप्पाराव निवडून याच्या आधी कसा व्हता, तुला काय ठावं? माह्या नातीच्या लग्नात बादली घेऊन पाणी वाढून राह्यल्ता. निवडून आला अन् गाडीच्या काचा वर गेल्या त्या गेल्याच. असा एक चांगला माणूस वाया घालवला आम्ही. आता काकासाहेबाला बी घालवावं काय?"

"म्हणजे तुम्ही त्यांना जाणूनबुजून पाडता?"

"पाडतो म्हनू नको बाबा. जपतो त्यांला."

आणखी दहा घरं फिरला, दहाही घरी काकासाहेबांना जपणंच चालू होतं. धर्मराज नाचत घरी आला. त्याचं ऐकून काकासाहेबांना आधी भरून आलं, आणि मंग जीप आठवली.

"आता रे?"

"सोपं आहे, काका. जपायसारखं काही शिल्लकच ठेवायचं न्हाई. आजपासून निवडून आल्यासारखं वागा."

सांगणं सोपं होतं. पहिल्याच सकाळी स्टँडवर गोजरबाईनं हात केला आणि काकासाहेबांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"काका, पाय!" धर्मराज ओरडला.

जीप तशीच पुढे गेली. गोजरबाई हात वर धरूनच राहिली. जीपला काचा न्हाईत म्हणून धर्मराजनं दोन्ही बाजूंनी पडदे लावले आणि काकांच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. त्या चष्म्याआड ते दिवसभर रडवेले असत. लग्नात ते अक्षता टाकून, न जेवता निघू लागले. कुणी रेशनकार्डाचं काम सांगितलं, तर पाठ केलेलं म्हणून दाखवत, "अर्ज द्या, बघतो." एकदा चुकून, "मीच घेऊन जातो, दे इकडं," म्हणाले, तेव्हा पुढचं बोलू नये म्हणून धर्मराजनं त्यांना खोकल्याचं औषध पाजून तिथून हलवलं.

गाव चक्रावलं. पारावर चर्चा झाली.

"वरून शब्द आला असंल."

"आल्याबिगर? निवडून आल्याशिवाय मानूस इतका बिघडत न्हाई."

हे अप्पारावांच्या कानी गेलं आणि त्यांची झोप उडाली. त्यांनी गाडीच्या काचा खाली केल्या. स्टँडवर थांबून हाका मारू लागले. एका बारशाला तर स्वतः बादली घेऊन उभे राहिले. गोजरबाईनं हे सगळं नीट पाहिलं आणि बायांच्या घोळक्यात हिशेब केला.

"काकासाहेब तर वायाच गेला, त्याला निवडून देयाला काही हरकत न्हाई. अप्पाराव आता कुठं सुधरून राह्यला. त्याला जपा बायांनो."

काकासाहेब दणक्यात निवडून आले. पुष्पाबाईंनी जीपला हार घातला, बोनेटला कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी चष्मा काढून फेकला, पडदे उपटले आणि धर्मराजला शेजारी बसवून स्टँड गाठला.

"चला, भोकरदन! बसा पटापट!"

कुणी हललं न्हाई. गोजरबाई पदर सावरत पुढे आली.

"ऱ्हाऊ द्या, सायेब. तुमाला कामं असत्यात."

"मला काहीच काम न्हाई, मावशी! या की!"

"समदे आधी असंच म्हनतात," म्हातारी समजुतीनं म्हणाली.

तेवढ्यात मागून अप्पारावांची पांढरी गाडी आली. गोजरबाई पुढे बसली, बाकीचे मागे कोंबले गेले, मिरच्यांचं पोतं कुणाच्या तरी मांडीवर चढलं आणि गाडी गेली. काकासाहेब तिच्या धुराळ्यात रिकामी जीप हाकत निघाले.

"धर्मा," ते म्हणाले, "पुढच्या खेपेला पडायचं असंल, तर काय करावं लागंल रे?"

"पडलात तर काकू जीप विकतील."

काकासाहेबांनी मान हलवली. मंग मागे वळून रिकाम्या बाकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "असं कर, तू जरा मागं जाऊन बस."