टॉर्कपान्याचा हट्ट

मी टॉर्कपाना बोलतोय. माझ्या मुठीवर आकडा लावायचा, मला नटावर बसवायचं आणि ओढायचं. तेवढा जोर भरला की माझ्या पोटातली स्प्रिंग टक् करते. मग थांबायचं. एवढंच माझं काम. पण त्यापायी मी जितकी बोलणी खाल्ली तितकी दुसऱ्या कुठल्या हत्यारानं खाल्ली नसतील. तरी माझं म्हणणं मी बदललेलं नाही.

कारखान्यातून निघताना माझ्यासोबत एक कागद होता, माझा आकडा न् आकडा तपासल्याचा. पहिला मालक कळंबजवळचा एक गॅरेजवाला. त्यानं तो कागद चहाच्या कपाखाली घातला आणि गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून मला भिंतीवर टांगलं. चाकं मात्र तो पान्याला लांब पाइप लावून, वर उभा राहून आवळायचा. एकदा गंजलेला नट सुटेना, तर माझ्यावर लाथा घातल्या. अडकलेलं सोडवणं माझं काम नव्हे. माझी स्प्रिंग बिथरली आणि मी भलत्या जागी टक् करू लागलो. मग तो म्हणाला, हे खेळणं आहे. दोन वर्षं मी ग्रीसच्या डब्यामागं पडून होतो.

तिथून मला वर्षाराणीनं उचललं. ती कृषी सहायक. रोज गाडी घेऊन शिवारं फिरणारी. तिचे वडील बिराप्पा म्हणजे मेंढरं राखणाऱ्या घरातले पहिले नोकरदार, एसटीतले मेकॅनिक. पान्यांच्या आवाजातच ती वाढली होती. मला हातात घेताच तिला कळलं की मी मोडलेलो नाही, नुसता चुकतोय. तिनं मला पुण्याला तपासायला पाठवलं. परत आलो तो नवा कागद घेऊनच.

बिराप्पांना मी पहिल्या दिवसापासून खुपलो. छत्तीस वर्षं त्यांनी हाताच्या अंदाजानं एसटीची चाकं आवळली होती आणि एकही निसटलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. चालू-बोलू लागल्यावर ते सगळ्यांना सांगत, हात होता तसा झाला. घरात कुणी उलट बोलत नव्हतं.

मागच्या श्रावणात एका रविवारी सकाळी गाडी अंगणात उभी राहिली. ब्रेक दाबला की पुढून घासल्यासारखा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी वर्षाराणीच्या आईला, बानूबाईंना, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सोलापूरला न्यायचं होतं. म्हणजे वाटेत तुळजापूरचा घाट. ब्रेकचे झिजलेले पॅड बदलल्याशिवाय निघायचं नाही, असं तिनं ठरवलं. मागच्या चाकांना दगड लावले, पुढून गाडी जॅकनं उचलून स्टँडवर बसवली. उजवं चाक तिनं घेतलं, डावं बिराप्पांनी.

तिनं जुने पॅड काढले, पिस्टन हळूहळू मागं सारला, नवे बसवले. पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरच्या दोन्ही बोल्टांना गाडीच्या पुस्तकातला आकडा होता तीस. मी दोनदा टक् केलं आणि उजवी बाजू झाली. डावीकडं बिराप्पा साध्या पान्यानं आवळून उठलेही होते. तिनं मला तिकडं नेलं तसे ते आडवे आले.

"मला शिकवतीस व्हय?" ते म्हणाले. "ह्या हाताला इचार."

ती मागं हटली नाही. तिचाही स्वभाव त्यांच्यावरच गेला होता. म्हणाली, "आबा, हातालाच इचारते. तुमी जरा सरका."

ते सरकले नाहीत. तेव्हा उंबऱ्यावर बसलेल्या बानूबाई बोलल्या. आवाज साधाच होता. "उद्या गाडीत मी बसणार हाय. मला तर नीट दिसत बी न्हाय. लावून बघू द्या तिला."

बिराप्पा बाजूला झाले. मी बोल्टावर बसलो. तिनं ओढलं आणि बोल्ट फिरला. घट्ट आवळलेला बोल्ट फिरत नाही, मी लगेच बोलतो. हा पाव फेरा फिरला, अर्धा फिरला. बिराप्पा माझ्याकडं बघत होते आणि मी आवाज करीना. त्या क्षणी मला खोटं बोलता आलं असतं तर म्हाताऱ्या माणसाचा मान राहिला असता. पण मी बोललो नाही. अर्ध्या फेऱ्याच्याही पुढं गेल्यावर टक् झालं. दुसऱ्या बोल्टाचंही तेच.

बिराप्पांनी उजवी मूठ मिटली, उघडली, आणि ते आत गेले. बराच वेळ नळाचं पाणी वाहत राहिलं. वर्षाराणीनं दोन्ही चाकं चढवली, नट हातानं लावले, गाडी खाली घेतली. तेवढ्यात ते बाहेर आले.

"आण इकडं ते," ते म्हणाले. "आकडा तूच लाव. मला बारीक दिसत न्हाय."

तिनं आकडा लावला. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं. उजव्या हाताचा जोर डाव्यापेक्षा कमी होता, मला मुठीवर जाणवत होतं. एक नट, मग त्याच्या समोरचा. आठही नटांवर मी बोललो. वर्षाराणीच्या हातात बोलतो तसाच, ना कमी ना जास्त. शेवटच्या नटानंतर ते चाकाजवळच बसले.

"ह्याला काय कळतंय, कुणाचा हात हाय ते," ते म्हणाले.

"म्हणूनच घेतलाय, आबा."

मग ती गाडीत बसली आणि पायाखालचा ब्रेक घट्ट लागेपर्यंत दाबत राहिली. गावाबाहेर सावकाश एक फेरी मारून आली. सोमवारी तिघंही घाट उतरून सोलापूरला गेली. बानूबाईंना आता सुई ओवता येते.

मी त्यांच्या घरी पेटीत असतो. काम झालं की बिराप्पा स्वतः माझा आकडा खाली उतरवून स्प्रिंग सैल करतात. गॅरेजवाले अजून हसतात. हसोत. मी आकड्याआधी बोलणार नाही, आणि टक् झाल्यावर कुणी पुढं ओढलं तर ती चूक माझ्या नावावर घेणार नाही. तुमच्याकडं माझा कुणी भाऊबंद धूळ खात असेल तर त्याला तपासून आणा आणि कामाला लावा.

परवा बसस्टँडवरच्या एका जुन्या सोबत्यानं बिराप्पांना टोचलं, आता हातावर भरवसा राहिला नाही वाटतं. मी तेव्हा त्यांच्या पिशवीतून डोकावत होतो.

"हात माझा हाय," बिराप्पा म्हणाले, "पण गाडीत माणसं बसत्यात."