सहाची पिन

सहाला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला. कोणाचा असणार, ते मला न उचलताही माहीत होतं.

"उर्वशी बेटा, सहा वाजून राहिले," उदाराम गुरुजी म्हणाले.

"वाजले नाही अजून, गुरुजी. वाजले का लावतो."

"मंगळवारी तीन मिनिटं उशीर केलता तू. महाराजाचं अर्धं बोलणं गेलं."

गुरुजींनी मला चौथीत शिकवलं होतं. तेव्हाही त्यांचं निम्मं लक्ष घड्याळाकडेच असायचं. मी फोन ठेवला, रॅकच्या मागे हात घातला, मुलांच्या चॅनेलच्या रिसीव्हरमधून पिन काढली आणि प्रवचनाच्या रिसीव्हरमध्ये खोचली. अख्ख्या फुलचूर गावात कार्टून गेलं आणि महाराज आले. सगळ्या फुलचूरला एका हाताने गप्प बसवता यायचं मला, पण घरात माझं कोणी ऐकत नव्हतं.

हे २००६ साल. आमच्या केबलवर एका वेळी चोवीस चॅनेल दिसायचे, कारण रिसीव्हरमधलं चॅनेल घरोघरी सोडायच्या मशीन बाबूजींकडे चोवीसच होत्या. पंचविसावी 'पुढच्या महिन्यात' यायची होती, ती मी नववीत असल्यापासून. म्हणून एका मशीनवर दोन चॅनेल चालायचे, दिवसा मुलांचं आणि सहानंतर प्रवचनाचं. लोकांना वाटायचं, मुलांचं चॅनेल सहाला बंदच होतं. ते बंद होत नव्हतं. सहा ते सात तिथे मोठ्या मुलांच्या मालिका लागायच्या. शाळा-कॉलेजातली पंधरा-सोळा वर्षांची पोरं-पोरी, त्यांची भांडणं, त्यांची कँटीन. पिन काढली तरी रिसीव्हर चालूच राहायचा आणि त्याला तपासणीचा चौदा इंची टीव्ही जोडलेला होता. त्यामुळे फुलचूरमध्ये तो तास फक्त मीच पाहायची. त्या टीव्हीचा स्पीकर मात्र उंदरांनी कुरतडून टाकला होता. चित्र यायचं, आवाज नाही.

दहावीत मला एकसष्ट टक्के मिळाले होते. बाबूजी म्हणाले, एक वर्ष थांब, कंट्रोल रूममध्ये बसायला माणूस नाही. खुमेंद्र दादा नागपूरला शिकत होता, त्याला कोणी थांब म्हटलं नाही. बाबूजी दिवसभर खांबावर आणि मी दिवसभर खुर्चीवर. माझे पाय टेबलाखाली सारखे हलत राहायचे. आई ओरडायची, "पाय नोको हालवू, घरची लक्ष्मी जाते."

"जाऊ दे," मी म्हणायची. "तिले तरी बाहेर जाऊ दे."

सातला रेणू आणि चंचल गोंदियाहून ट्यूशन करून सायकलींवर यायच्या. दोघी माझ्या वर्गातल्या, आता अकरावीत. खिडकीशी एक पाय टेकून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "आज काय झालं?" त्यांना आपल्या कॉलेजचं, वर्गाचं, सरांचं बोलायचं असायचं, पण त्या मला हे आधी विचारायच्या. मग मी सांगायची. मालिकेत कुरळ्या केसांची एक पोरगी होती. तिचं नाव मला ऐकूच आलं नव्हतं, म्हणून मी पिंकी ठेवलं. पिंकीला बापाने शाळेतून काढून दुकानात बसवलं आहे. ती रोज काहीतरी युक्ती करून शाळेत पोचते, आणि बाप रोज तिला शोधून परत आणतो. हे मी कुठून आणलं, मला विचारू नका. पडद्यावर तिचे ओठ हलायचे आणि मला आपोआप ऐकू यायचं. थाप मारतेय असं एकदाही वाटलं नाही.

जूनमध्ये रेणूने अकरावीचा फॉर्म आणून दिला. "शनिवारी चारपर्यंत द्या लागते. पालकाची सही घेऊन ठेव. यंदा नाही भरला त मग कधीच नाही भरणार तू, पाहून घेजो."

मी फॉर्म भरला आणि तक्रारींच्या रजिस्टरमध्ये ठेवला. बाबूजींना तीनदा सांगितलं. तीनदा ते म्हणाले, "पाहू." आमच्या घरात 'नाही' हा शब्दच नाही. 'पाहू' आहे, त्यातच सगळं भागतं.

गुरुवारी रेणूचा वाढदिवस होता. दुपारी तिचा फोन आला. "आज पिन नोको काढू न. आम्ही सगळ्या पोरी घरी हावो. एक दिवस आम्हाले पण पाहू दे पिंकीले."

मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं. वर्षभर मी दुसऱ्यांच्या सहाची पिन बदलत होते. सहा वाजले आणि मी हात मांडीखाली दाबून बसून राहिले.

फोन सुरू झाले. गुरुजींचेच सात. मी उचलले नाहीत. सव्वासहाला गुरुजींनी नातवाला पाठवून बाबूजींना खांबावरूनच आपल्या घरी बोलावून नेलं, हे मला नंतर कळलं.

सातला सायकली आल्या. चंचलने पायही टेकला नाही.

"कोणती पिंकी व? तिचं नाव त तान्या हाये. अन् दुकान नाही का बाप नाही, बँडात ढोल वाजवते ते, अन् सारखी हासते. सालभर आम्हाले उल्लू बनवून राहिली होती तू."

"आवाज नाही न या टीव्हीले," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

"मंग सांगाचं होतं, का मले समजत नाही." ती निघून गेली. रेणू थांबली. तिने खिडकीतून आत, रजिस्टरकडे पाहिलं. "उर्वशी, सही झाली का?"

मी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा मागे दारात बाबूजी दिसले, खांद्यावर शिडी घेऊन उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

रेणू गेल्यावर त्यांनी शिडी टेकवली. गुरुजींकडे बरंच ऐकून घ्यावं लागलं असणार, पण त्यांनी विचारलं ते भलतंच. "कोणती गोष्ट सांगत होती तू पोरींले?"

मी सांगून टाकली. "एका पोरीले तिच्या बापानं दुकानात बसवलं. तिले शाळेत जाचं हाये. बाप आयकत नाही. अशी."

बाबूजींनी त्या टीव्हीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "सालभर बिनआवाजाचा पाहून राहिली होती. मले सांगाचं तरी."

मला वाटलं, समजलं. एवढ्या सरळ सांगितल्यावर न समजायला काय झालं?

शनिवारी सकाळी ते लुना घेऊन गोंदियाला गेले. ते गेल्यावर मी रजिस्टर उघडलं, तर फॉर्म नव्हता. दोनदा झटकून पाहिलं. खरंच नव्हता. त्या दिवशी टेबलाखाली माझे पाय हलले नाहीत. आई म्हणाली, "आज काऊन एवढी गुमान हायेस?" मी तिला मिठी मारली. तिला वाटलं मला ताप आहे.

चार वाजले. पाच वाजले. साडेपाचला लुना आली. बाबूजींच्या हातात पुठ्ठ्याचा छोटा डबा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि खिशातून चौघडी केलेला माझा फॉर्म काढला. मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने लिहिलं होतं: चार इंच, आठ ओहम.

"स्पीकरची साईझ," ते म्हणाले. "लिहून नेली म्हणून बरं झालं. कागद सापडत नव्हता, हाच हाताले लागला."

मी फॉर्म उलटला. सहीची जागा तशीच कोरी होती. मी ती त्यांच्यापुढे धरली. ते सोल्डरिंगची कांडी तापवत होते. "हां हां, पाहू," म्हणाले आणि मागचं झाकण उघडून कामाला लागले. अर्धा तास मन लावून काम करणारा माणूस बघताना माझा जीव नुसता जळत होता.

सहाला गुरुजींचा फोन आला. मी पिन बदलली. तेवढ्यात टीव्हीतून एकदम आवाज आला. कुरळ्या केसांच्या त्या पोरीचा आवाज बारीक होता, आणि ती कसल्यातरी सहलीबद्दल हिंदीत बोलत होती.

"आता आयकू येते न?" बाबूजींनी विचारलं. "आता मनानं बनवा लागणार नाही तुले. पोरी पण हासणार नाही."

"येते," मी म्हणाले.

इतके खूश ते पंचविसावी मशीन आली असती तरी झाले नसते. त्या चेहऱ्यावर रागावता येईना, आणि याचा राग मला आजही येतो. ते शिडी घेऊन गेले. मी आवाज बंद केला.

पुढे तो तास अर्ध्या तासावर आला, मग फक्त शनिवार-रविवारी, आणि २००९च्या दिवाळीनंतर बंदच झाला. त्या जागी पुन्हा कार्टून. फुलचूरमधून एकही तक्रार आली नाही, कोणाकडे तो होताच कुठे? आता घरोघरी सेट-टॉप बॉक्स आहेत, पिन बदलावी लागत नाही. मी त्याच खुर्चीत बसून लोकांचे रिचार्ज करते.

पण त्या शनिवारी सातला रेणू आली. एकटीच. चार वाजून गेलेत, हे तिलाही माहीत होतं. तिने फॉर्मबद्दल विचारलं नाही. सायकलीवरून उतरली आणि खिडकीच्या गजाला धरून नेहमीसारखं म्हणाली, "आज काय झालं पिंकीचं?"

मालिका संपून पडद्यावर बातम्यांसारखी खालून नावं सरकत होती.

"काही नाही," मी म्हणाले. "दुकानातच बसून हाये."