खुंटीवरून उतरवताना

लूमवर विणायला अक्कल लागत नाही, हात ढिला लागतो. हे मी सुनेला, कामिनीला, दिवाळीतच सांगितलं होतं. ती सदर बाजारातून ही खुंट्या-खुंट्यांची प्लास्टिकची चौकट घेऊन आली आणि पहिल्याच दिवशी लोकर अशी आवळली की आकडी आत शिरेना.

"आई, हे लूमच खराब आहे."

"लूमले नावं काहून ठेवून राहिली? म्हैस बांधली का वं त्या खुंटीले?"

मग मीच हाती घेतलं. नव्या बायांनी ध्यानात ठेवावं, लोकर खुंटीला टेकली पाहिजे, चावली नाही पाहिजे. दोन फेरे घालायचे, आकडीने खालचा उचलून वरच्यावरून मागे टाकायचा. उठायचंच असेल तर ओळ पुरी करून उठा, कोणी कितीही हाका मारो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कामिनीला वाण म्हणून स्कार्फ द्यायचे होते. "आई, तुम्हीच विणा, तुम्हीच वाटा," असं ती माझ्या मुलासमोर, पुष्करसमोर बोलली. आमचे मनोहरराव गेल्यापासून मला कुठल्या हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. ज्यांच्या घरी मी वर्षानुवर्षं गेले, त्यांच्याही घरचं नाही. कुंकू नका लावू, पण माझ्या घरच्या बैठकीत मी बसेन, माझ्या हाताने देईन, एवढ्यासाठी बोटं आखडली तरी विणत राहिले.

त्या दिवशी जांभळी साडी नेसून बैठकीत आले, तर कामिनीने माझी खुर्ची उचलून आतल्या खोलीत नेली.

"आई, काही बायका जुन्या वळणाच्या आहेत. कोणाच्या मनात उगाच काही यायला नको."

"कोणाच्या? नाव सांग."

ती पडदा ओढून गेली.

बाहेर वाहवा सुरू झाली. शेजारच्या सिंधूताई म्हणाल्या, "कामिनी, कसं जमलं वं तुले?"

"मोबाईलवर पाहून पाहून," आमची सून म्हणाली.

कोणीतरी विचारलं, शेवट कसा करायचा? लूमवर एक नारंगी स्कार्फ बाकी होता. कामिनीने तो सरळ खुंट्यांवरून उतरवला आणि दाखवायला ताणला. एकेक टाका सुईने ओवून घेतल्याशिवाय लूमवरून काही उतरवायचं नसतं. टाके सरसर सुटत गेले. बायका हसल्या.

ती तो लोंबता स्कार्फ घेऊन आत आली. "आई, पटकन करून द्या न. बाया पाहून राहिल्या."

"इथं आण त्यायले, शिकवते. नाहीतर मी तिथं येते."

माझ्या कपाळाकडे पाहिलं तिनं. स्कार्फ माझ्या मांडीवर टाकला आणि बाहेर जाऊन म्हणाली, "आईंना झोप लागली."

पांगापांग झाली तेव्हा पडद्याशी बांगड्या वाजल्या. सिंधूताई. गळ्यात माझाच स्कार्फ असणार.

"झोपल्या का वं बाई?"

"जागी आहो. मले झोपवलं आहे. या आत."

पडदा जरा हलला. मी खुर्ची सरकवून जागा केली. मग बांगड्या दरवाज्याकडे गेल्या, चपला घसटल्या.

नारंगी लोकरीचं टोक सापडलं. ओढत गेले, उसवत गेले, गुंडाळत गेले. ढिल्या हाताने विणलेलं, कुठेही अडलं नाही.