माळावरच्या शर्यतींचे स्टॉपवॉच

मित्रांनो, मी एक जुने, किल्लीचे स्टॉपवॉच आहे. माझ्या डोक्यावर एकच बटण. एकदा दाबले की काटा धावतो, पुन्हा दाबले की थांबतो, तिसऱ्यांदा दाबले की शून्यावर येतो. याहून जास्त मला काही येत नाही; पण यात मी कधी कसूर केली नाही.

कारखान्यात एका बाईंनी डोळ्याला भिंग लावून माझी केसासारखी स्प्रिंग बसवली. तिथून मी एका ग्रंथपालांकडे आलो. पुस्तक एक दिवस उशिरा आले तरी ते चष्म्यावरून असे बघत, की सगळे त्यांना काटेकोरकाका म्हणत.

काकांनी माळावरच्या शर्यती सुरू केल्या. दर हिवाळ्यात पाच. कालव्याच्या कडेने, चिखलातून, टेकडीला वळसा घालून सहा किलोमीटर. पहिल्या वर्षी अकरा जण आले, त्यातला एक ऑफिसच्या बुटांत! खुणेची निशाणे काकांच्या बायकोने जुने पडदे फाडून शिवली होती. पुढे दोनशे-दोनशे माणसे पळू लागली. थंडीने माझे तेल घट्ट होऊ नये म्हणून काका मला सदऱ्याच्या आत छातीशी ठेवत. "माणूस चुकेल, हे नाही चुकायचं," असे ते चारचौघांत सांगत. माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

सतराव्या हिवाळ्यातली गोष्ट. दवाखान्यातल्या नर्सताई चार वर्षे पळत होत्या. पहिल्या वर्षी सर्वांत शेवटी, आता सर्वांत पुढे. शेवटच्या शर्यतीला संघनिवड करणारे एक गृहस्थ आले होते. चोवीस मिनिटांच्या आत आल्या तर ताई मोठ्या स्पर्धेच्या संघात, असे त्यांनी सांगितले होते. वेळ मात्र ते काकांच्या घड्याळाचीच धरणार होते.

बायकांची शर्यत सुटली. काकांनी मला चालू केले. तेवढ्यात ग्रंथालयाचे नवे अध्यक्ष शेजारी येऊन उभे राहिले. काका रंगात आले. शर्यतींचा इतिहास सांगता सांगता हातवारे करू लागले, आणि बोलण्याच्या भरात त्यांच्या अंगठ्याने मला दाबले. टक. जरा वेळाने पुन्हा, टक. मी शून्यावर उभा राहिलो. ओरडावेसे वाटले, पण ओरडणार कशाने?

ताई एकट्याच आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल.

"काका, किती?"

काकांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचा अंगठा अजून बटणावरच होता. तो त्यांनी हळूच बाजूला घेतला.

"अगं... हे बंद पडलं."

"आत्ता? आत्ताच कसं?"

"जुनं झालंय. ऐन वेळी दगा दिला बघ यानं."

ताई गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या. मग निवड करणाऱ्या गृहस्थांना म्हणाल्या, "मी पुन्हा पळते. तुमच्या मनगटावरच्या घड्याळावर वेळ घ्या."

"अहो ताई, दमलात तुम्ही."

"तरी पळते."

त्या पळाल्या. पंचवीस मिनिटे आणि काही सेकंद लागले. संघ त्यांच्याशिवाय गेला.

पुढच्या आठवड्यात काका मला घड्याळजीकडे घेऊन गेले. त्याने दोन दिवस मला तपासले. "काका, यात काही म्हणजे काही बिघाड नाही. सेकंदाचाही फरक नाही," तो म्हणाला. काकांनी मान हलवली, मला खिशात घातले आणि घरी येऊन खिळ्यांच्या डब्यात टाकले. छातीवरून थेट डब्यात! शर्यतीला नवे विजेरी घड्याळ आले.

पंचविसाव्या वर्षी काकांची मुलगी शर्यतींच्या इतिहासाची पुस्तिका लिहायला बसली. डबा तिच्या टेबलाखालीच होता.

"बाबा, सतराव्या वर्षी शेवटच्या शर्यतीत बायकांची वेळच नाहीये. काय लिहू?"

"लिही, घड्याळ बिघडलं होतं."

"खरंच बिघडलं होतं?"

"लिही म्हटलं ना!"

तिने लिहिले. ते छापलेही गेले. घरातले बोलणे मला डब्यातही ऐकू येते. नर्सताई त्यानंतर शर्यतीत उतरल्या नाहीत. मात्र दर हिवाळ्यात माळावर येऊन मुरगळलेले पाय बांधून देतात, आणि काकांची प्रेमाने चौकशी करतात. आपला घात घड्याळाने केला, असेच त्यांना अजून वाटते.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना तेलपाणी करा, धूळ पुसा. आम्ही जन्मभर राबू. पण आम्हाला तोंड नाही म्हणून आपली चूक आमच्या माथी मारू नका. आमचे काय, गंज तर चढायचाच. पण त्या दिवशी "माझा अंगठा चुकला" एवढे तीन शब्द काका बोलले असते, तर चिखलात उभ्या असलेल्या त्या बाईला निदान खरे तरी कळले असते.